कॅल्शियमची बाटली आणि वर्तमानपत्राची गुंडाळी

पिल्लू घरात आलं की पहिल्या दीड-दोन महिन्यांत दोन तक्रारी हमखास कानावर येतात. ‘चालताना पाय कसेतरीच टाकतंय’ ही एक, आणि ‘रोज सकाळी उठून बघावं तर हॉलमध्ये सू’ ही दुसरी. दोन्हींवर उत्तरं तयारच असतात. सोसायटीच्या बागेत, पेट शॉपच्या काउंटरवर, ‘आमच्या घरी कायम कुत्री होती’ म्हणणाऱ्या नातेवाइकांकडे, कुठेही विचारा, उत्तर तेच मिळतं. पाय वाकडे पडतात म्हणजे कॅल्शियम कमी आहे, सिरप सुरू करा. सकाळी घरात करतं म्हणजे लाडावलंय, त्यात नाक घासा आणि वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवा, चार दिवसांत वठणीवर येईल.

ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत आणि दोन्हींनी पिल्लाला इजा होते. न तपासता औषध पाजायचं, आणि वाढीच्या वयात जे होणारच त्याबद्दल मारायचं, असा हा उलटा कारभार आहे. तो इतका रुळला आहे की सल्ला देणाऱ्याला आपण काही धोक्याचं सांगतोय असं वाटतही नाही. म्हणून त्याचा प्रतिवाद जरा सविस्तर करायला हवा.

आधी कॅल्शियम. सल्ला देणाऱ्यांचा समज असा, की हाडं कॅल्शियमची असतात, तेव्हा जास्त दिलं तर हाडं जास्त मजबूत होतील. आणि गरजेपेक्षा जास्त झालंच तर शरीर ते बाहेर टाकेल. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत यातला दुसरा भाग बऱ्याच अंशी खरा आहे. त्याचं आतडं गरजेपुरतं कॅल्शियम शोषून घेतं आणि बाकीचं सोडून देतं. पण साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या आतड्याला हा आवर घालता येत नाही. जितकं पोटात जाईल, त्याचा मोठा हिस्सा रक्तात उतरतो, आणि शरीर ते हाडांकडे ढकलतं. हाड वाढताना एकीकडे नवं बनायला आणि दुसरीकडे जुनं झिजून आकार घ्यायला हवं असतं. जादा कॅल्शियमने ही झीज थांबली की हाडाचा आकार बिघडतो आणि सांध्याजवळची कूर्चा नीट पिकत नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात हाझेविंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर नेमकं हेच तपासलं. जादा कॅल्शियम खाल्लेल्या पिल्लांच्या हाडांच्या वाढीत बिघाड झाले, कूर्चेचे दोष दिसले. ज्या वाकड्या पायासाठी आपण सिरप पाजतो, तो वाकडा पाय त्या सिरपनेच येऊ शकतो.

लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन अशा थोराड जातींत हा धोका सर्वांत मोठा, आणि नेमक्या याच पिल्लांना ‘मोठं हाड आहे, त्याला जास्त लागतं’ म्हणून दुप्पट पाजलं जातं. पिल्लांसाठीच्या पाकीटबंद खाद्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. अमेरिकेतल्या खाद्यमानकांनी थोराड जातींच्या पिल्लांच्या खाद्यात कोरड्या वजनाच्या 1.8 टक्के अशी कमाल मर्यादा घातली आहे, ती याच अभ्यासांमुळे. त्या खाद्यावर सिरप, सिरपवर अंड्याच्या टरफलांची पूड, आणि हाडं बळकट होतात म्हणून कुणीतरी सुचवलेली आणखी एखादी पावडर, असं घराघरांत चालतं.

यावर नेहमीचं उत्तर येतं, ‘आम्ही दिलं आणि आमच्या पिल्लाचे पाय सरळ झाले.’ मी हे खोटं म्हणत नाही. पाय सरळ झाले असतील. प्रश्न एवढाच, की ते कशाने झाले.

दीड ते चार महिन्यांच्या पिल्लांमध्ये एक गोष्ट वारंवार दिसते. पुढच्या पायांची मनगटं पुढे वाकतात, किंवा उलट पंजा मागे कलतो आणि पिल्लू जवळजवळ मनगटावर चालतं. जमिनीवर बसून पिल्लाच्या उंचीवरून बघा. पिल्लू गोणपाटावरून उठतं तेव्हा पाय बरे दिसतात. व्हिट्रिफाइड फरशीवर चार पावलं टाकली की पंजे बाहेर फाकतात, मनगट थरथरतं, मागचे पाय दोन दिशांना सरकतात. हाडं भराभर वाढतात, स्नायू आणि स्नायूबंध त्या वेगाने वाढत नाहीत, आणि वर पायाखाली काचेसारखी फरशी. पायाखाली पकड मिळाली, समतोल खाणं मिळालं आणि बेताचं हिंडणं झालं, तर यातली बहुतेक पिल्लं काही आठवड्यांत आपली आपण सरळ होतात. त्याच आठवड्यांत घरात सिरप चालू असतं, म्हणून श्रेय सिरपला जातं. ज्याचे पाय दुसऱ्याच कारणाने वाकडे होते आणि सिरप पिऊनही वाकडेच राहिले, त्याची गोष्ट कुणी बागेत येऊन सांगत नाही. या सल्ल्याची ख्याती अशी तयार झाली आहे.

कॅल्शियमची खरी कमतरता असते, हे मान्य करायला हवं. दूध-पोळी किंवा दूध-भातावर वाढवलेलं पिल्लू, किंवा ‘शुद्ध मांसाहारी’ म्हणून नुसतं उकडलेलं चिकन आणि कलेजी खाणारं पिल्लू खरोखर आजारी पडतं. हाडाविना मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या अनेक पटींनी जास्त असतो. पिल्लाच्या खाण्यात मात्र कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं हवं, दुपटीपेक्षा अधिक नको. तोल असा बिघडला की शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढून रक्ताची गरज भागवतं. हाडं कागदासारखी पातळ होतात आणि सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतात. पण इथेही उपाय म्हणजे ताटात काय वाढतो ते बदलणं, आणि काही जोडायचं असेल तर किती आणि किती दिवस, हे एक्स-रे बघून डॉक्टरांनी ठरवणं. अंदाजाने झाकणभर ओतण्याला उपचार म्हणत नाहीत.

याच सल्ल्याला चिकटून येणारं ‘कोवळ्या उन्हात बसवा’ हेही खोडून काढायला हवं. माणसाच्या बाळाला ते लागू पडतं. कुत्र्याच्या कातडीत उन्हापासून ड जीवनसत्त्व पुरेसं तयारच होत नाही. त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. ऊन द्या, पिल्लाला बरं वाटतं, पण त्याने पाय सुधारतील म्हणून डॉक्टरांकडे जाणं लांबवू नका. आणि ड जीवनसत्त्वाच्या माणसांच्या गोळ्या तर मुळीच देऊ नका, जास्त झालं की ते थेट मूत्रपिंडावर उतरतं.

मग चाल बिघडली तर बघायचं काय? कॅल्शियमवाल्यांचा सर्वांत मोठा गुन्हा मला इथे दिसतो. ‘कमतरता’ या एका शब्दाने ते बघणंच थांबवतात. पोमेरेनियनसारखं छोटं पिल्लू पळता पळता एक मागचा पाय उचलतं, तीन पावलं लंगडी घालतं आणि पुन्हा काही न झाल्यासारखं पळतं, तेव्हा गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते आहे असा संशय घ्यायचा. पाच-सहा महिन्यांचा जर्मन शेफर्ड या आठवड्यात पुढचा डावा आणि पुढच्या आठवड्यात मागचा उजवा पाय धरतो, तेव्हा लांब हाडांच्या आतली वाढीच्या वयातली सूज असू शकते. ती दुखते फार, पण काळाने जाते. पहिल्यांदा चालायला लागल्यापासूनच डुलत चालणारं, खाण्याच्या भांड्यापाशी तोंड नेताना डोकं हलणारं, तरी एरवी खेळकर असणारं पिल्लू बहुधा लहान मेंदूची वाढ अपुरी असलेलं असतं. ते तसंच राहतं, बिघडत नाही, आणि चांगलं जगू शकतं. आणि आपल्या हवेत कधीच विसरू नये असा गोचिडांचा ताप. पिल्लू सुस्त, अंग गरम, उठताना कण्हतं, सांधे आखडलेले. त्याच्या कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड सापडते, आणि घरात मात्र कॅल्शियमची दुसरी बाटली आणलेली असते.

खुब्याच्या सांध्याचा दोष हा वेगळा आणि मोठा विषय. मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखं पळणं, बसल्यावर उठायला कुरकुरणं, चालताना ढुंगण डावी-उजवीकडे झुलणं. दोष आईबापांकडून येतो, पण तो किती बळावेल ते बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. आपल्याकडे पिल्लू गुटगुटीत असलं की घरादाराला कौतुक. अमेरिकेत 48 लॅब्रेडॉरांच्या जोड्या लावून त्यांचा जन्मभर अभ्यास झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं. दोन वर्षांच्या वयातच कमी खाणाऱ्यांच्या खुब्यात दोष स्पष्टपणे कमी दिसला, सांधे आखडण्याची वेळ लांबली, आणि या गटाचं मध्यक आयुष्य 13 वर्षं भरलं, दुसऱ्या गटाचं 11.2. बाटलीतल्या कोणत्याही औषधाने लॅब्रेडॉरला पावणेदोन वर्षं जास्त दिल्याचं मला माहीत नाही. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, वरून बघताना कंबर दिसली पाहिजे. हे ‘वाळलेलं’ पिल्लू नव्हे, ते निरोगी पिल्लू आहे. नॉर्वेतल्या एका अभ्यासात, तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढउतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याचा दोष जास्त आढळला आणि मऊ जमिनीवर बाहेर मोकळं हिंडणाऱ्यांत कमी. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर पिल्लाला उचलून न्या. घरात फरशीवर जुनी सतरंजी, गोणपाट, रबरी चटया टाका. दिसायला वाईट दिसेल, हरकत नाही.

दुखतंय म्हणून घरातली वेदनाशामक गोळी पाव करून देणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, की देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या जठराला जखमा करतात, मूत्रपिंडं निकामी करतात. माणसाची ‘साधी’ गोळी पिल्लाला साधी नसते.

चाल बिघडवणारे काही आजार लसीने टळतात. ‘गावठी पिल्लाला काही होत नाही’ असं म्हणून जे रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाची लस टाळतात, त्यांनी डिस्टेंपर हा विषाणूचा आजार झालेलं पिल्लू पाहिलेलं नसतं. आधी डोळ्यांत-नाकात घाण, ताप, जुलाब. ते ओसरलं असं वाटतं. आणि मग काही आठवड्यांनी एक पाय तालात झटके देऊ लागतो, झोपेतसुद्धा. या टप्प्यावर फारसं काही हातात राहत नाही. लस मात्र दीड-दोन महिन्यांच्या वयापासून मिळते, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांपर्यंत द्यायची असते. त्याहून गंभीर म्हणजे, लस नसलेल्या पिल्लाची चाल अचानक डळमळली, जबडा लोंबला, लाळ गळायला लागली, तर घशात हाड अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. तो रेबीज असू शकतो. पिल्लाला वेगळं ठेवा, डॉक्टरांना बोलवा. ते चावलं असेल, ओरखडलं असेल किंवा जखमेला चाटलं असेल, तर जागा साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

आता सकाळची सू. इथे माझा राग जास्त आहे, कारण इथे पिल्लू मार खातं.

जन्मानंतर दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून लघवी करताही येत नाही, आई चाटते तेव्हा होते. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर दोन-तीन तास धरू शकतं. पिल्लू पाळणारे एक ढोबळ हिशेब करतात. जितके महिने वय, त्यात एक मिळवा, तितके तास ही कमाल. रात्री थोडं जास्त निभतं. म्हणजे अकराला दिवे मालवून सातला उठणाऱ्या घरात, अडीच महिन्यांच्या पिल्लाकडून आपण आठ तासांची अपेक्षा करतो. साधारण चार महिन्यांचं झालं की पुष्कळ पिल्लांना रात्र निघते. त्याआधी नाही निघत. ते पाचच्या सुमारास उठतं, आळस देतं, गोल फिरतं, दाराशी जातं, हुंगतं, बारीक कुंईकुंई करतं. घर झोपलेलं असतं. मग ते करतं. दोन तासांनी कुणीतरी उठतं, ओलं बघतं, पिल्लाची मान धरून नाक त्यात दाबतं. पिल्लाला यातून एकच कळतं, की सकाळी उठलेला माणूस धोकादायक असतो.

‘पण त्याला कळतं ना, बघा कसे कान पाडून कोपऱ्यात बसतं!’ हा युक्तिवाद मला इतक्यांदा ऐकवला गेला आहे की त्याचं उत्तर द्यायलाच हवं. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेमकी ही ‘अपराधी’ मुद्रा तपासली. कुत्र्याने खरंच मनाई मोडली की नाही, याच्याशी त्या मुद्रेचा संबंध निघाला नाही. मालक रागावला की ती दिसली, आणि काहीही न केलेल्या कुत्र्याला रागावल्यावरही दिसली. पडलेले कान ही कबुली नसते, तुमच्या आवाजाची भीती असते. मार खाणारं पिल्लू तुमच्यासमोर करायचं टाळतं. सोफ्यामागे, पलंगाखाली करतं, आणि बाहेर नेल्यावर तुम्ही शेजारी उभे आहात म्हणून करतच नाही. मग म्हणायचं, ‘बाहेर तासभर फिरवलं आणि घरात येऊन केलं, मुद्दाम!’ यात मुद्दाम काहीच नसतं. तुम्ही घरी आल्यावर जमिनीला चिकटून, शेपूट हलवत थेंबथेंब सोडणारं पिल्लू तर घाबरून किंवा आनंदाने सोडत असतं. त्याला ओरडलं की ते वाढतं, दुर्लक्ष केलं की बहुधा वयाबरोबर जातं.

नाक घासण्यापेक्षा ओलं कुठे झालंय ते बघा, कारण ती जागा पुष्कळ सांगते. दाराशी, बाल्कनीच्या उंबऱ्याशी मोठं डबकं असेल, तर पिल्लू बाहेर जायला आलं होतं आणि आपण उठलो नाही. अंथरूणच ओलं असेल, पिल्लू झोपेतून उठतं तेव्हा पोटाखालचे केस भिजलेले असतील, दिवसभरही थेंब गळत असतील, तर ती शिस्तीची गोष्टच नव्हे. मूत्रपिंडाकडून येणारी नळी जन्मतःच मूत्राशयाऐवजी पुढे कुठेतरी उघडत असू शकते, मादी पिल्लांत जास्त, आणि लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की या जातींत विशेष. ते तपासून कळतं आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेने सुधारतं. ठिकठिकाणी छोटे छोटे ठिपके, वारंवार बसणं, कुंथणं, लघवी लालसर किंवा उग्र वासाची, असं असेल तर बहुधा मूत्रमार्गाचा संसर्ग. यातल्या प्रत्येक पिल्लाने आजारासाठी मार खाल्लेला असतो.

सकाळी सू ऐवजी शी असेल तर रात्रीचं ताट आठवा. दहा वाजता सगळ्यांची जेवणं झाल्यावर दूध-पोळी कुस्करून पिल्लाला घालायची पद्धत घरोघरी आहे. दूध तुटल्यावर पिल्लाच्या पोटात दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होत जाते. उरतं ते पाणी आणि वायू होऊन पहाटे बाहेर येतं. शेवटचं खाणं सात-आठला द्या, दूध बंद करा, झोपण्याआधी एकदा खाली न्या. पोट फुगलेलं आणि बरगड्या दिसत असतील तर जंत समजा. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, म्हणून जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून सुरू करायचं असतं. आणि लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे, सडक्या वासाचे जुलाब झाले तर ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नका. तो पार्व्हो हा विषाणूचा आजार असू शकतो, आणि पार्व्होमध्ये सकाळ फार लांब असते.

‘संध्याकाळपासून पाणीच देऊ नका’ हा आणखी एक सल्ला. झोपण्याआधी तासभर वाटी उचलली तर चालेल. पण मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या उकाड्यात सहा वाजल्यापासून पिल्लाला तहानेलं ठेवणं हा छळ आहे, आणि ज्याला मूत्रमार्गाचा संसर्ग आहे त्याचा आजार याने वाढतो. फिनाइलने पुसून घेणं हेही पुरत नाही. आपल्याला फिनाइलचा वास येतो, पिल्लाला त्याखालचा लघवीचा येतोच, आणि ते पुन्हा तिथेच जातं. लघवीतले घटक तोडणारा एन्झाइमचा क्लीनर मिळतो, तो वापरा.

राहिला डॉक्टरांकडे जाण्याच्या खर्चाचा मुद्दा. तोच सर्वांत खरा आहे आणि मी तो उडवून लावत नाही. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा सारा वेळ गाई-म्हशी-शेळ्यांत जातो, एक्स-रेसाठी शहर गाठावं लागतं. काही डॉक्टरही घाईत सिरप लिहून देतात, हेही खरं. अशा वेळी विचारा, ‘कशासाठी, किती दिवस, आणि याच्या सध्याच्या खाण्यात किती आहे?’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. जाण्याआधी मोबाइलवर पिल्लाची चाल टिपून घ्या, एकदा बाजूने, एकदा समोरून, एकदा मागून, घसरत नाही अशा जमिनीवर. कारण दवाखान्याच्या टेबलावर भेदरलेलं पिल्लू लंगडतच नाही. सकाळची लघवी स्वच्छ डबीत धरून नेलीत तर साध्या तपासणीत पुष्कळ उलगडतं. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत रुग्णालयं आहेत, तिथे अशी तपासणी होते. महिनोन् महिने आणलेल्या बाटल्यांचा हिशेब मांडा आणि मग महाग काय ते ठरवा.

आणि या दोन्ही तक्रारींचं मूळ पुष्कळदा पिल्लू विकत घेतलं त्या दिवसात असतं. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी केंद्र सरकारने 2017 मध्ये नियम केले. त्यानुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरी महिन्या-सव्वा महिन्याची पिल्लं ‘दोन महिन्यांचं आहे’ म्हणून सर्रास हातात ठेवली जातात. ती आईपासून लवकर तुटलेली असतात. झोपायची जागा आणि घाण करायची जागा वेगळी ठेवायची, हे आईजवळ शिकायचं ते शिकलेली नसतात, पिंजऱ्यात स्वतःच्याच घाणीत झोपायची सवय लागलेली असते, जंत भरलेले असतात, आणि दूध-बिस्किटावर पोसल्याने पायात जोर नसतो. पिल्लू घ्यायला जाल तेव्हा आई दाखवा म्हणा. ती कशी चालते ते बघा. थोराड जात असेल तर आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. जन्मतारीख, लस आणि जंताच्या औषधाच्या तारखा लेखी घ्या. विक्रेता टाळाटाळ करत असेल, आई ‘दुसरीकडे आहे’ म्हणत असेल, आणि पिल्लाबरोबर कॅल्शियमची बाटली फुकट देत असेल, तर पिल्लू कितीही गोड असलं तरी तिथून घेऊ नका.